तुमच्या कादंबरीत कोणी पळत नाही

इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस बोकील परवा येऊन गेले. येत्या रविवारी तुमची शोकसभा आहे, आणि तुमच्या कादंबरीतलं एकोणिसावं प्रकरण मी वाचून दाखवावं असं सगळ्यांचं मत पडलं म्हणे. "वहिनी, दुसऱ्या कोणाच्या तोंडी ते शोभणार नाही जी. साहेबांचा गणोजी तुमच्याच तोंडून ऐकायचा आहे लोकांना." मी पाणी आणायला आत गेले आणि आतच उभी राहिले. बाईला रडू आलं असं त्यांना वाटलं असणार, कारण थोड्या वेळानं ते बाहेरूनच "येतो वहिनी" म्हणून हळूच निघून गेले. मला रडू आलं नव्हतं. मला राग आला होता. नवऱ्याला जाऊन तेरा दिवसही झाले नसताना त्याचा राग आलेल्या बाईनं पाहुण्यांसमोर कसं वागायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. तुम्ही होता तोवर आपलं हे भांडण बोलून कधी पुढे सरकलं नाही. बोलण्यात तुम्ही माझ्यापेक्षा हुशार. मी दोन वाक्यांनंतर अडायची, आणि माझं तिसरं वाक्य जुळेपर्यंत तुम्ही विषय भोसल्यांच्या छावणीत नेऊन सोडायचात. लिहिताना मला घाई नसते. आता तुम्हालाही नाही.

तुमची लिहायची रीत माझ्याइतकी जवळून कोणी पाहिली नसेल. तुमचं प्रत्येक पान मी उतरून काढलं आहे. दिवसभर दीक्षितपुऱ्याच्या शाळेत मुलींना हिंदीतून इतिहास शिकवायचा आणि संध्याकाळी कांचघर मोहल्ल्यातल्या घरात तुमचा मराठीतला इतिहास स्वच्छ अक्षरात उतरवायचा, अशी माझी कितीतरी वर्षं गेली आणि ती चांगली गेली, हेही इथंच सांगून टाकते. वर्ध्याहून लग्न होऊन आले तेव्हा मला हे जबलपूर गाव आवडलं नव्हतं. काळे दगड, सगळीकडे हिंदी, आणि सकाळी फॅक्टरीच्या रस्त्यावर नुसत्या सायकलीच सायकली. तुम्ही मला रविवारी सायकलवर पुढे बसवून नदीवर ग्वारीघाटाला नेलंत आणि पाण्याकडे बघत विचारलंत, "इथं हजार घोडे पाणी प्यायला उतरले तर चिखल कुठवर होईल, सांग." मी म्हटलं, "मला काय माहीत." तुम्ही म्हणालात, "मलाही नाही. म्हणून तर आलो." त्या दिवसापासून हे गाव मला रिकामं वाटेनासं झालं. याचं ऋण मी विसरलेली नाही.

जागा तुम्ही अशा पायाखाली घालून बघायचात, पण माणसं शोधायला कधी लांब गेला नाहीत. ती सगळी इथलीच. शेजारच्या दुबेजींची आई कोतवालाची आई झाली. सदर बाजारातला तुमचा चहावाला पेंढाऱ्यांचा हेर झाला, आणि त्याला बिचाऱ्याला मराठी येत नसल्यामुळे ते कधी कळलंच नाही. मला तुम्ही किल्लेदाराची बायको केलंत. ती नाक मुरडते ते हुबेहूब माझ्यासारखं. ते पान वाचून माझा भाऊ गजू पोट धरून हसला होता. "ताई, तुझ्या किल्ल्यातही भाजी अळणीच होते का?" मी त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि तुम्ही म्हणालात, "घाल, घाल. पुढच्या प्रकरणात घेतो."

तेव्हा मला ही रीत फार गमतीची वाटायची. जिवंत माणूस उचलायचा, त्याला पगडी घालायची आणि दीडशे वर्षं मागे नेऊन सोडायचा.

गजू मॅट्रिक होऊन आपल्याकडे आला आणि तुम्ही चार्जमन म्हणून देखरेख करायचात त्याच शेडवर लागला. घरात तो तुम्हाला भाऊजी म्हणायचा आणि फॅक्टरीच्या फाटकापासून साहेब. सकाळी त्याला उठवणं हे माझ्या दिवसातलं सगळ्यात मोठं काम. "काहून ओरडून राहिली ताई? उठतो ना. भोंगा कुठं झाला अजून?" आणि मग भोंगा झाल्यावर एका पायात चप्पल, तोंडात पोळी, सायकल ढकलत धावायचा.

तुम्ही फॅक्टरीबद्दल घरात एक अक्षर बोलायचा नाहीत. गुप्ततेच्या कागदावर सही केली होती, आणि सही म्हणजे तुमच्या लेखी शपथ. गजूनंही तीच सही केली होती, पण त्याच्या पोटात काही राहायचं नाही. शेडमध्ये जाताना अंगावरचं धातूचं सगळं उतरवावं लागतं, कपड्यांना बटणांऐवजी बंद असतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. दारात एक गुडघाभर उंचीची आडवी फळी असते. तिच्या अलीकडे बाहेरचे जोडे काढायचे, ती ओलांडायची आणि पलीकडे ठेवलेले कापडी जोडे घालायचे. बाहेरच्या मातीचा एक खडासुद्धा आत जायला नको, कारण आत तोफगोळ्यांत दारू भरतात, आणि खड्यावर खिळा घासून ठिणगी उडाली तरी पुरे.

एकदा जेवताना तो म्हणाला, "आज एक नवीन पोरगा चेनची पॅन्ट घालून आला. त्याला सगळ्यांसमोर—"

"गजानन," तुम्ही म्हणालात.

"भाऊजी, पॅन्ट काय गुप्त असते?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. ताटावरून उठलात आणि हात धुवायला गेलात.

पासष्टची लढाई लागली आणि तुमचं दोघांचं घरी येणं नुसतं झोपण्यापुरतं उरलं. गावाला ताठा चढला होता. स्टेशनवर बायका जवानांना पुऱ्या वाटत होत्या, सदरमध्ये दुकानादुकानात रेडिओ मोठ्यानं लावलेले असायचे, आणि गजू म्हणायचा, "ताई, मी रेडिओत आहे. मधे मधे धडाड होतं ना, तो मीच."

ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी मी वर्गात होते. आवाज आला, काचा थरथरल्या. जबलपूरच्या माणसाला आवाजाचं काही वाटत नाही. रोज कुठं ना कुठं तोफगोळे तपासायला उडवतच असतात, तान्ही मुलंसुद्धा त्यात झोपलेली असतात. वाचणारी मुलगी थांबली तेव्हा मी म्हटलं, "आगे पढ़ो." ती पुढे वाचू लागली. गावातल्या सगळ्या घरांत त्या क्षणी असंच काहीतरी पुढे चालू राहिलं असेल.

संध्याकाळी तुम्ही आलात. तुमच्या पायांत ते कापडी जोडे होते. फळीच्या बाहेर ज्यांनी एक पाऊल टाकायचं नाही, ते जोडे घालून तुम्ही कांचघरापर्यंत आला होता, आणि त्यांचे तळवे फाटून पायाला चिकटले होते. मी ऊन पाणी करून ते सोडवले. तुम्ही म्हणालात, "गजू गेला." मी विचारलं, "कसा?" तुम्ही म्हणालात, "अपघात." आम्हाला त्याचं तोंड पाहू दिलं नाही. तुम्ही पाहिलं होतंत की नाही, तेही सांगितलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ते जोडे पिशवीत घालून परत नेऊन दिलेत, कारण ते सरकारी होते.

त्या जोड्यांवरून मला कळलं होतं की तुम्ही आत होता आणि पळालात. हे मी तुम्हाला तेव्हा बोलले नाही, नंतरही नाही, पण आज लिहिते, म्हणजे आपल्यात गैरसमज नको. तुम्ही पळालात ते बरं केलंत. मला नवरा राहिला. त्यासाठी मी तुमच्यावर एक दिवसही रागावले नाही. मुलाच्या पाठीमागे एकट्या पडलेल्या माझ्या आईला तुम्ही वर्ध्याहून आपणहून आणलंत, लेकीच्या घरी राहते म्हणून तिला कधी संकोच वाटू दिला नाहीत. तेही मला ठाऊक आहे. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे.

काही महिन्यांनी तुम्ही नवी कादंबरी लिहायला घेतलीत. भोसल्यांच्या काळातलं जबलपूर, तिथला दारूखाना, तोफांची दारू कुटणारा गणोजी नावाचा तरणा कारागीर. मी नेहमीसारखी पानं उतरून काढत होते. दारूखान्याच्या दारात गुडघाभर उंच फळी आली तेव्हा माझा हात थांबला. बंदांच्या बाराबंद्या आल्या, अंगावरचं चांदीचं उतरवून ठेवणं आलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही समोर बसून पेन्सिलीला टोक करत होतात.

मग एकोणिसावं प्रकरण आलं. माझा भाऊ कसा गेला ते मला त्या प्रकरणातून कळलं. घरातल्या माणसानं सांगावं ते मी तुमच्या मसुद्यातून माझ्याच हातानं उतरवून घेतलं. दारूखान्याला आग लागते. गणोजी फळीच्या बाहेर आलेला असतो, सुरक्षित असतो. तो मागे वळून बघतो. आत म्हातारे सखारामबुवा अडकलेले असतात. गणोजी छाती काढून म्हणतो, "आमची चिंता न करावी. तोफा उपाशी राहता कामा नयेत," आणि शांतपणे फळी ओलांडून आत जातो. बाकीचे कारागीर हात जोडून जागच्या जागी उभे राहतात. त्या सबंध प्रकरणात कोणी पळत नाही. एकसुद्धा माणूस पळत नाही.

मी विचारलं, "यातलं खरं किती?"

तुम्ही म्हणालात, "कादंबरी आहे ती."

"गजू बाहेर आला होता का? परत आत गेला का?"

"सुमन, मी सही केली आहे."

"मग हे कसं लिहिलं?"

"भोसल्यांच्या दारूखान्याबद्दल बोलायला कोणाची परवानगी लागत नाही."

मी म्हटलं, गजू असं बोलायचा नाही. न करावी, राहता कामा नये, हे कोणाचं बोलणं? तो 'काहून' म्हणायचा, 'करून राहिलो' म्हणायचा. तुम्ही म्हणालात, त्या काळातला माणूस तसाच बोलेल. मी म्हटलं, तो त्या काळातला नव्हता, आपल्या घरातला होता. त्यावर तुम्ही फार हळू आवाजात म्हणालात, "लढाईचं हे वातावरण निवळू दे. मी रिटायर होऊ दे. मग तुला सगळं सांगतो. त्याचं त्याच्या नावानं लिहीन." मी थांबले. त्या शब्दावर मी थांबले होते.

कादंबरी छापून आली. रविवारी आपल्या बैठकीत मंडळाची मंडळी जमली आणि तुम्ही तेच प्रकरण वाचलंत. तुमचा आवाज चांगला होता, वाचायचात तेव्हा तर फारच. आई दाराशी बसून ऐकत होती. ती कधीच पुस्तक वाचत नाही, अक्षर येतं पण कंटाळते. वाचन संपलं आणि आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बाप्पा, त्याच्या आईचं काय झालं असेल हो, बिचारीचं."

तिनं त्याला ओळखलं नाही. तिच्याच पोरासाठी ती रडली, पण परक्या बाईचा पोर म्हणून रडली. बोकील म्हणाले, "साहेब, याहून मोठी पावती कोणती?" आणि तुम्ही मान खाली घालून हसलात. संकोचानं हसलात, हे मी पाहिलं, तुम्हाला सूट देते. पण हसलात. त्या दिवसापासून माझ्या छातीत जे बसलं आहे ते अजून उठलेलं नाही. तुम्ही गजूला इतकं उंच, इतकं ताठ केलंत की त्याच्या आईच्या दारातून तो आत येऊ शकला नाही.

आणि लोकांना तो फार आवडला. अमरावतीहून, इंदूरहून पत्रं आली. नागपूरच्या एका प्राध्यापकांनी लेख लिहिला की भोसल्यांच्या दारूखान्यात गुडघाभर फळी घालून पादत्राणं बदलण्याची चाल होती, आणि आधार म्हणून तुमच्या कादंबरीतल्या 'परंपरागत माहिती'चा उल्लेख केला. तुम्ही तो अंक घेऊन हसत घरी आलात.

मी म्हटलं, "त्यांना कळवा, चूक आहे म्हणून."

"काय कळवू? फळी कुठली ते सांगू?"

"मग हे असंच राहणार?"

"राहू दे ना. कोणाचं काय बिघडतं?"

मी इतिहास शिकवते. कोणाचं काय बिघडतं हे मला माहीत आहे. उद्या ते एखाद्या पाठ्यपुस्तकात येईल, आणि माझ्या वर्गातली मुलगी उठून सांगेल की भोसल्यांचे कारागीर फळी ओलांडून जायचे. जे कधी नव्हतं ते घडलेलं ठरलं. जे आपल्या गावात, आपल्या माणसाच्या बाबतीत घडलं, ते मात्र कुठंच घडलेलं नाही. माझ्या भावाच्या पायाखालची फळीसुद्धा तुम्ही काढून भोसल्यांना देऊन टाकलीत. मी एवढं सगळं एका दमात बोलले होते त्या दिवशी, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "बरोबर आहे तुझं." बरोबर आहे म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं तपासायला बसलात. त्यात एकोणिसाव्या प्रकरणातला एक स्वल्पविराम काढलात, बाकी काही बदललं नाहीत.

ते वातावरण निवळलं. तुम्ही म्हणालात, आता रिटायर होऊ दे. मग एकाहत्तर उजाडलं, पुन्हा ओव्हरटाइम, पुन्हा रस्ताभर सायकली. डोळे पिवळे झाले तरी तुम्ही जात राहिलात. गावात विजयाचे पेढे वाटले गेले तेव्हा तुम्ही हॉस्पिटलमध्ये होता, आणि नर्सनं एक पेढा तुमच्या उशाशी आणून ठेवला, खायची मनाई असताना. मी तिथं विचारलं. आजारी माणसाला विचारू नये असं मला वाटत होतं, पण तुमच्यानंतर विचारायला कोणी नव्हतं.

"गजूचं सांगा आता."

"ते एकोणिसाव्यात आहे."

"त्यातलं खरं कोणतं?"

तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "सुमन, आता मलाच ते वेगळं काढता येत नाही. डोळे मिटले की तो फळी ओलांडून परत आतच जाताना दिसतो."

मला वाटलं, टाळताय. शेवटपर्यंत टाळताय. मी पेढा उचलून खिडकीबाहेर टाकला. मग तुम्ही नव्या कादंबरीतल्या घोड्यांबद्दल बोललात, तीन डुलक्यांच्या मधे मधे, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही नव्हता.

काल पुंडलिकराव आले. तुमच्या शेजारच्या शेडवर होते ते, त्या दिवशी ड्यूटीवर होते, एवढं मला माहीत होतं. इतकी वर्षं तुमच्यासमोर त्यांना विचारणं मला जमलं नव्हतं. त्यांनी चहा घेतला, तुमच्याबद्दल चांगलं बोलले, आणि मी म्हटलं, "पुंडलिकराव, सही-बिही राहू द्या. गजू कसा गेला ते मला सांगा."

त्यांनी कप खाली ठेवला. "वहिनी, आता काय लपवायचं. गजाननभाऊ बाहेर आले होते. एकदम बाहेर. मग वळले आणि परत आत गेले. त्या म्हाताऱ्यासाठी. जिगर लागतो वहिनी, मामुली बात नहीं है."

मला वाटलं, मग खरंच होतं. मी विचारलं, "कोण होता म्हातारा? नाव काय त्याचं? त्याच्या घरी जाऊन येईन म्हणते."

"नाव... अरे, असं काय जी होतं... सखाराम."

"पुंडलिकराव, तो पुस्तकातला."

"अच्छा," ते म्हणाले, आणि कपाळ चोळत बसले. "थांबा. थांबा हं वहिनी. शेडवर सगळी पोरंच होती ना तेव्हा. भरतीची नवीन पोरं. म्हातारा... म्हातारा तर कोणी नव्हता."

"मग गजू कोणासाठी परत गेला?"

ते म्हणाले, "खरं सांगू? माझी पाठ होती तिकडे. ट्रॉली ढकलून राहिलो होतो. आवाज झाला, मी तोंडावर पडलो. उठून बघतो तर तुमचे साहेब समोरून पळून राहिले होते. बाकी नुसता धूर."

"आणि गजू?"

"ते मला दिसलेच नाहीत." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण वहिनी, मला तर दिसतात ते. रोज दिसतात, मागे वळताना. साहेबांनी लिहिलंच इतकं चांगलं."

म्हणजे हॉस्पिटलमध्ये तुम्ही खोटं बोलत नव्हता, कदाचित. हे कळल्यावर माझा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला. तुम्ही एका माणसाचा मृत्यू लिहिलात आणि ज्यांनी ज्यांनी तो पाहिला असता त्या सगळ्यांचे डोळे पुसून त्यावर तुमचं चित्र काढलंत. पुंडलिकरावांचे, आणि शेवटी स्वतःचेही. साधं लिहिलं असतंत, वाईट लिहिलं असतंत, तर त्या चित्राखालून काही दिसलं असतं. तुम्ही फार चांगलं लिहायचात. याबद्दल तुम्हाला माफ कसं करायचं ते मला कळत नाही.

आज सकाळी आई अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं, "आई, त्यांच्या पुस्तकातला तो गणोजी म्हणजे आपला गजू आहे. त्यांनी गजूवरच लिहिलं ते."

आई पानं खुडत राहिली. "हट्. तो कसा गजू असेल?"

"गजूच आहे. नाव बदललं फक्त."

"तो तर आगीत गेला ना परत? आपणहून?"

"हो."

"मग गजू नाही तो." ती इतक्या सहज म्हणाली, जसं कोणी भाजीवाल्याला म्हणावं की ही अंबाडी नाही, दुसरं काही आहे. "गजू होळीला सुद्धा लांब उभा राहायचा. नारळ काढायला पोरं धावायची, हा माझ्या मागे. आग दिसली असती तर पळाला असता तो. सगळ्यांच्या पुढे पळाला असता." मग तिचे हात थांबले. मी सांगितलेलं तेव्हा कुठं तिच्यापर्यंत पोचलं असावं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा आवाज एकदम म्हातारा झाला. "सुमे, पुस्तक तर जावईबापूंच्या हातात होतं ना? मग त्याला पळू काहून दिलं नाही त्यांनी?"

मी तिच्यापुढची अंबाडी ओढून घेतली आणि निवडायला लागले. तुम्हाला उत्तर देता आलं असतं का?

मला एक उत्तर सुचतं आहे, दुपारपासून, आणि ते लिहायला मला जड जातं आहे. तुम्ही पळालात. तुमचे तळपाय फाटले होते. जे पळाले त्यांच्याबद्दल लिहायचं तर तुम्हाला स्वतःबद्दल लिहावं लागलं असतं, आणि आपल्या कादंबऱ्यांच्या इतिहासात पळणाऱ्याला जागा नसते. तो फितूर तरी असतो, नाहीतर विदूषक. म्हणून तुम्ही सगळ्यांनाच जागच्या जागी उभं केलंत. गजूला तर उलट आत पाठवलंत. त्याच्यावर तुम्ही फार प्रेम करायचात, तुमच्याजवळचं जे सगळ्यात किमती, ते तुम्ही त्याच्या अंगावर घातलंत. मला ते दिसतं. पण त्याला ते नको होतं हो. त्याला दार हवं होतं.

संध्याकाळी बोकील उत्तर घ्यायला आले. मी म्हटलं, ते प्रकरण मी वाचणार नाही. दुसऱ्या कोणी वाचलं तर मी अडवणार नाही, पण तेव्हा मी सभागृहात बसणारही नाही. ते बिचारे गोंधळले. "मग वहिनी, तुम्ही काय वाचाल?" मी म्हटलं, माझं लिहून झालं तर ते वाचीन. "साहेबांवर ना?" "माझ्या भावावर. त्याचं नाव गजानन होतं." हे वाक्य कांचघरातल्या आपल्या ओसरीवर, शेजारच्या दुबेजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हटलं, आणि कोणीही मला पकडून नेलं नाही. मी कशावर सही केलेली नाही.

तर लिहायला बसले आहे, आणि आता मला तुमची अडचण पहिल्यांदा नीट कळते आहे. मलाही काही माहीत नाही. ज्यांना माहीत होतं ते गेले, एक आहे त्याची पाठ होती. मलाही बनवावंच लागणार. तुम्ही शिकवल्याप्रमाणे मी जागेपासून सुरू केलं. शेड, स्फोट अडवायचे मातीचे बांध, फळी, कापडी जोडे. पगडी कोणाला घातली नाही. आत गजू आहे, त्याची ओव्हरटाइमची पाळी आहे, त्याला झोप आलेली आहे. मग काहीतरी चमकतं. तो कोणाची चिंता करत नाही, तोफांची तर नाहीच. तो म्हणतो, "अरे बाप रे, पळा," आणि पळतो. जसा भोंगा झाल्यावर पळायचा तसा, हातवारे करत, समोरच्याला ढकलत, शिव्या देत पळतो. माझ्या गोष्टीत तो फार छान पळतो. आईला वाचून दाखवलं तर ती ओळखेल त्याला.

दार समोरच आहे. मी ते वाक्य चार वेळा लिहिलं आणि चार वेळा खोडलं. त्याला दाराबाहेर काढणं माझ्या हातात आहे, पुस्तक आता माझ्या हातात आहे. पण तो त्या दारातून वाचून घरी आला नव्हता. बाकी सगळं मी बनवलं आहे, एवढं एकच मला नक्की माहीत आहे, आणि तेवढं मी बदलणार नाही. तो दाराकडे पळतो आहे, तोंड दाराकडे आहे, पाठ आगीकडे. तिथं मी पेन ठेवलं.